कांडपात अडकलेली अमेरिकन गाडी

लिहा, पण आधी माझं लिहा, गाडीचं मागून. या शेडमध्ये जो पाय ठेवतो तो गाडीचंच विचारतो, कुठली, कितीला, किती पळते, आजवर एकानं विचारलं नाही की बाई, तू कुठली. तर मी देवळ्याकडची. आमच्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, लग्न होऊन इकडं देवळाली कॅम्पात आले आणि सासूनं हसून हसून ते सोडवलं. तिखट मात्र सुटलं नाही. आमच्या घरी कांदा भाजून काळा मसाला करायचे, तो वास नाकात घेऊनच मी आले. इथं एका बाईंच्या मिरची कांडपावर कामाला लागले. मशीनमध्ये मिरची टाकायची, मुसळ वरखाली होतं, मग काढून चाळायची, पुन्हा टाकायची, दळण नव्हे हं, कांडप, दळलेल्या मसाल्याला चव नसते. पोरगी बालवाडीत होती तेव्हापासून तिचं लग्न होईपर्यंत तेच केलं. डोळे लाल, हात लाल आणि मशीन दुसऱ्याचं. मनात एकच होतं, आपलं स्वतःचं कांडप पाहिजे. जागा होती, घराला लागून मिस्त्रींची पत्र्याची शेड. आणि शेडमध्ये काय, तर ही.

मिस्त्री म्हणजे आमचे हे. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचे, सगळा कॅम्प मिस्त्री म्हणतो, मीपण मिस्त्रीच म्हणते, लग्नात नाव घेतलं तेवढंच. त्यांच्याकडं बंगल्यातले एक म्हातारे साहेब यायचे, ही गाडी त्यांची. अमेरिकेची, जुनी, हिरवी, नाकावर पळता घोडा, स्टिअरिंग उलट्या बाजूला, दारं दोनच, आणि पाठ अशी की टपापासून शेपटापर्यंत सरळ घसरगुंडी. इंजिन चालू केलं की शेजारच्यांच्या मांडणीतली ताटं वाजतात. मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पिशवी बसते. एवढी लांब गाडी आणि बसायची माणसं दोन, हे अमेरिकेलाच परवडतं. साहेब मुलीकडं परदेशी कायमचे निघाले तेव्हा कागदपत्रं मिस्त्रींच्या नावावर करून दिली, म्हणाले, तूच सांभाळलीस, आता तुझीच, विकायची तर विक, पण हिचं खुराडं होऊ देऊ नकोस. बंगल्यावर एकदा कोंबडी हिच्या सीटवर अंडं घालून गेली होती, ते साहेबांच्या मनाला लागलं होतं. झालं. साहेब विमानात बसले आणि त्यांना दिलेला शब्द आमच्या शेडमध्ये येऊन बसला.

विकू हे मिस्त्रीच म्हणाले, मी नव्हतं म्हटलं. जावयानं मोबाईलवर जाहिरात टाकली, फोटो असे काढले की मलाच वाटलं, कोणाची बाई ही गाडी. आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू तुम्हाला. घरी आलेल्याला नुसतं पाठवता येतं का, म्हणून मी पोहे करायची, रविवार उजाडला की कढई चढलीच. एक आला, आत बसला, फोटो काढला, पोहे खाल्ले, बायकोला विचारून सांगतो म्हणाला, अजून विचारतोय. एकाला मुलाच्या वरातीपुरती पाहिजे होती. एक नगरसेवक व्हायचं ठरवलेला माणूस आला, बरोबर गॉगलवाली चार पोरं, तो म्हणाला, हिच्या टपावर उभं राहून लोकांना हात करता येईल का. मिस्त्री म्हणाले, येईल की, पण टप घसरता आहे, पुढून हात कराल आणि मागून खाली याल. हायवेवरचा एक हॉटेलवाला आला, त्याला इंजिन काढून दारात ठेवायची होती आणि आत फुलांच्या कुंड्या. मिस्त्रींनी त्याला हातातले पोहेसुद्धा संपवू दिले नाहीत.

बरं, हे झाले रिकामटेकडे. पण जे खरंच घेणारे होते त्यांचं काय केलं? त्यांना मिस्त्री विचारणार, सावलीत ठेवणार का, घरात मांजर आहे का, रंग तर बदलणार नाही ना, तुम्ही रागीट आहात का. अहो, रागीट आहात का! माझ्या बापानं यांना एवढं विचारलं नव्हतं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. आणि वर आपणच खोड सांगणार, उतारावर ब्रेक जरा विचार करून लागतो. माणूस निघून गेला की मला म्हणायचे, त्याला नव्हतीच घ्यायची.

शेवटी मी म्हटलं, मिस्त्री, पाडव्याला माझं कांडप सुरू होणार म्हणजे होणार. मिरचीचा हंगाम तेव्हाच लागतो, तो गेला की वर्ष गेलं. मशीन सांगून ठेवलं, गवंडी ठरवला. शेडची पुढची पत्र्याची मोठी दारं काढायची, तिथं विटांची भिंत, मध्ये लहान शटर, आणि बायकांना डबे ठेवायला पुढं ओटा. मिस्त्री म्हणाले, बांध, पाडव्याच्या आत गाडी जाते, मुंबईची पार्टी येतेय, शब्द दिलाय. पाडवा उजाडला, गुढी उभारली, पार्टीचा फोन बंद. गवंडी हातात थापी घेऊन उभा, म्हणाला, वहिनी, गाडी आत आहे. मी म्हटलं, दिसतंय मला. साडेतीन मुहूर्तांतला पहिला मुहूर्त, तो काय पार्टीसाठी थांबतो? मी म्हटलं, मुहूर्ताची म्हणून एक वीट लाव, बाकी मिस्त्रींना विचार, आणि मी पुरण वाटायला आत गेले. आता यात माझी चूक असेल तर तुम्हीच सांगा. दुपार उलटून बाहेर येते तर भिंत छातीपर्यंत आलेली, आणि मिस्त्री गवंड्याला विटा देतायत! एरवी स्वतःचा पाण्याचा तांब्या भरून न घेणारा माणूस, शर्ट काढून विटा देतोय, कपाळाला सिमेंट. मी म्हटलं, अहो, गाडी! तर म्हणाले, तूच म्हणालीस ना, मुहूर्त चुकवायचा नाही.

मग काय, एका बाजूला मशीन, एका बाजूला ही. मिरची भाजल्यावर गार करायला पसरावी लागते, जागा कुठं उरली, म्हणून मी तिच्या नाकाडावर स्वच्छ चादर घातली आणि तिथं पसरली. एवढं लांब नाक कुठंतरी कामाला आलं. मला वाटलं मिस्त्री ओरडतील. तर म्हणाले, खुराडं नको म्हणाले होते साहेब, मसाल्याचं काही बोलले नव्हते.

आणि आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, झाल्यावर एक डॉक्टरीणबाई आल्या, गंगापूर रोडच्या, हाडांच्या डॉक्टर. फोटो नाही, पोहे नकोत, चांगला ड्रेस घालून सरळ जमिनीवर आडव्या झाल्या आणि गाडीखाली गेल्या, मिरचीच्या धुळीत. खालून नुसत्या शिंका. मिस्त्रींनी वाकून विचारलं, रागीट आहात का. त्या खालून म्हणाल्या, लय. मिस्त्री हसले, आणि तेव्हाच मला कळलं की आता जाते ही. सावली आहे, मांजर नाही, रंग हाच ठेवीन, दर रविवारी चालवीन. ठरलं. माझ्या हातातलं मिरची पाखडायचं सूप पडायचंच बाकी होतं. मग बाई उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, बाहेर कुठून काढायची?

बाईंनी एक्स-रेकडं बघावं तसं भिंतीकडं बघितलं, म्हणाल्या, तोडावी लागेल. पण ऐन हंगामात, ओट्यावर डबे मांडून बायका उभ्या असताना कशी तोडू? बाई भल्या, म्हणाल्या, पाऊस पडू दे, मग येते. जाताना पावशेर काळा मसाला घेऊन गेल्या.

पाऊस पडला. गवंडी पेरणीला गावी गेला, तो परत येतो तोवर मिस्त्री पंचांग घेऊन बसले. जन्मात देवळाची पायरी न चढलेला माणूस, मला सांगतो, चातुर्मास लागला, चालत्या धंद्याची भिंत चातुर्मासात पाडू नये, दसऱ्याला बघू, तो चातुर्मासात आला तरी साडेतीन मुहूर्तांतला आहे, त्याला चालतं. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, दसरा तर दसरा, रागीट आहे पण थांबते.

तर सध्या हे असं आहे. सकाळी शटर उघडते, मशीनला हळदकुंकू वाहते आणि बोटाला उरलेलं त्या घोड्याला लावते, आहे तर आहे, करता काय. मिस्त्री फडकं घेऊन तिची पाठ पुसत असतात. तिच्या सीटला आता आमच्या देवळ्याच्या मसाल्याचा वास लागलाय, तो काही या जन्मात जायचा नाही, अमेरिकेला कळवा हवं तर. मी तिला रोज सांगते, माझं कांडप तू पहिल्या दिवसापासून बघितलंस, कुणाचं वाईट केलं नाहीस, जिथं जाशील तिथं सुखात राहा, बाई. पण जा.