कंपनीने लावून दिलेलं भांडण

दातांच्या दवाखान्यात माझ्या दोन्ही बाजूंना दोन अनोळखी माणसं बसली होती: एका बाजूला मेव्हणा, दुसऱ्या बाजूला त्याचे दाजी. दोघे जोडीनं रॅप करतात, हे ऐकता ऐकता कळलं.

“दाजी, इकडे बघू नका. कुणी फोटो काढला तर कंपनी आपला अल्बम अडवेल.”

“दोन वर्षं अडलेलाच आहे. अजून किती भांडायचं?”

“अल्बम येईपर्यंत. आपलं फाटलंय असं दाखवलं की गाणी खपतात, असं तेच म्हणाले ना.”

“काल नव्या गाण्यात तू मला बेडूक म्हणालास.”

“तुम्हीच लिहून दिलं होतं.”

“बेडूक माझाच. टकल्यासुद्धा माझाच. एक शिवी तर तुझ्या ताईनं पोळ्या लाटताना सुचवली.”

“मग झालं तर.”

“पण ‘याच्यावाचून मी बरा गातो’, ही ओळ मी दिली नव्हती.”

मेव्हण्यानं मासिकाचं पान उलटलं.

“कंपनीनं दिली का?”

“नाही.”

“मग?”

“दाजी, आत बोलावतायत. जा तुम्ही.”

“तुला बोलावतायत. दात तुझा दुखतोय, मी नुसता सोबत आलोय.”