रत्नागिरीत कुठं खायचं?

आफिया : काका, उकडीचे मोदक सांगून झाले, फणसाची भाजी झाली, सोलकढी तर दोनदा झाली. पण आम्ही रत्नागिरीला चाललोय हो! मासे कुठे खायचे ते सांगा ना.

सहादू : मासे? मला माळकऱ्याला काय ठावं मासे? ही बघ, गळ्यात तुळशीची माळ. घावन खा तिथलं. घावन लय चांगलं.

आफिया : घावन पण झालं मघाशी.

सहादू : मंग तुझ्या अब्बाला विचार की. कादर आन मी एकाच ट्रकवर होतो, पिंपळगावची द्राक्षं घेऊन रत्नागिरीला जायचो, परतीला आंबे. मासे तो खायचा. मी आपला दहीभात.

आफिया : अब्बांनीच तर पाठवलं मला. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून पंचवटीत आले मी एवढ्यासाठी. म्हणाले, "मासे म्हणजे सहादू. माझ्याकडे कशाला वेळ घालवतेस?"

सहादू : हळू बोल, पोरी.

आफिया : का? काय झालं?

सहादू : तुझी काकू आत मेथी निवडतीय. डोकं दुखतंय तिचं. आवाज सोसत नाय तिला.

कुसाबाई : (स्वयंपाकघरातून) माझं डोकं चांगलं हाय! बोल गं आफिया मोठ्यानं, मला बी ऐकू दे.

आफिया : काही नाही काकू, मी, शाहनवाज आणि आमची आयत फिरायला चाललोय. हॉटेल विचारत होते. राहू द्या काका, शाहनवाजने फोनवर शोधलंय एक. समुद्राच्या समोर, सगळं काचेचं. सुरमई एकदम फेमस म्हणे तिथली. साडेचार स्टार आहेत.

सहादू : फोनवर.

आफिया : हो.

सहादू : फोननं कधी मासा खाल्लाय का?

आफिया : लोकांनी लिहिलेलं असतं ना काका.

सहादू : लोक! लोकांना गार हवा लागली, समोर समुद्र दिसला, की चपलेला मसाला लावून तळून दिला तरी खातील. आगं, काचेच्या हॉटेलात मासा बर्फातनं काढत्यात. डोळा बघावा तर पांढरा झालेला. आन सुरमई कशाला? सुरमई मागितली की समजलंच त्यांना, आलं बाहेरगावचं गिऱ्हाईक.

आफिया : मग काय मागायचं?

सहादू : मागायचंच नाय. विचारायचं, "आज काय आलंय?" तू असं कर, बंदराकडं उतर. जाळी वाळत घातलेली दिसतील. तिथं शिरधनकरबाईंचं घर हाय. पाटीबिटी काय नाय, पडवीत दोन बाकडी. बाई जरा फटकळ हाय, मनावर नाय घ्यायचं. बांगडा आला आसंल तर डोळे झाकून बांगडा घे. ओलं खोबरं, कोकम, आन वरनं तिरफळ ठेचून टाकती ती. पहिल्या घासाला जिभेला मुंग्या येत्यात बघ. आन डोकं टाकू नको, खरी चव डोक्यात. तिसऱ्या, त्या शिंपल्या गं, मिळाल्या तर मंग नशीबच तुझं...

कुसाबाई : जिभेला मुंग्या येत्यात?

सहादू : अं? तू कधी आलीस बाहेर?

कुसाबाई : तिरफळापाशी आले. मुंग्या येत्यात का?

सहादू : म्हणजे... तसं म्हणत्यात.

कुसाबाई : कोण म्हणतं?

सहादू : कादर म्हणतो.

कुसाबाई : कादरनं तर ह्या पोरीला तुमच्याकडं धाडलंय.

सहादू : आगं, वासावरनं कळतं माणसाला. ट्रकवाल्याचं नाक लय तिखट असतं.

कुसाबाई : वासानं जिभेला मुंग्या आल्या होय? मी एवढ्या मिरच्या कुटते, माझ्या तर नाकाच्या पुढं काय जात नाय.

आफिया : काकू, मला वाटतं काका नुसते सोबत बसायचे...

कुसाबाई : तू मधी पडू नको. अब्बा आणखी काय म्हणाले ते सांग. खोटं बोलायचं नाय, तुला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.

आफिया : सांगू काका?

सहादू : नको.

आफिया : अब्बा म्हणाले, सहादू बांगड्याचं डोकं असं साफ करायचा, की मांजर यायचं, ताट बघायचं आणि निघून जायचं.

सहादू : कादरशी माझं बोलणं बंद आजपासनं.

कुसाबाई : माळ कुठं ठेवायचात तवा?

सहादू : जाऊ दे ना आता.

कुसाबाई : कुठं ठेवायचात?

सहादू : ट्रकच्या आरशाला. जेवायचो, चूळ भरायचो, आंघोळ करायचो, देवाची माफी मागायचो, मंग परत गळ्यात. एकदा बी चुकवलं नाय, शपथ.

कुसाबाई : देवाची माफी मागितली. आन माझी?

सहादू : तुझी कशाची मागायची? तुला कुठं आवडत्यात मासे?

कुसाबाई : कुणी सांगितलं तुम्हाला?

सहादू : तू कधी खाल्लेच नाय ना.

कुसाबाई : आफिया, बस गं खाली, ऐक. माझं माहेर सायखेड्याचं, गोदाकाठचं. माझा बाप गळ टाकून बसायचा नदीवर. बारक्या माशांचं कालवण आन बाजरीची भाकर, त्यावर वाढले मी. लगीन होऊन आले, तर हे माळकरी. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्या घरात हे चालायचं नाय. माझ्या गळ्यात माळ नव्हती, आजबी नाय. पण म्हटलं, नवरा खात नाय तर आपण कशाला खायचं? सोडलं. माहेरी गेले तरी भावजय माझ्यापुरती भेंडी करती. समदे मासे घेऊन बसत्यात आन मी भेंडी चिवडते. मला भेंडी आवडत बी नाय!

सहादू : मंग बोलायचं नाय का?

कुसाबाई : तुम्ही बोलला?

आफिया : काकू, पाणी आणू?

कुसाबाई : नको. अहो, तुम्ही खाल्लं त्याचा राग नाय मला. जीभ हाय माणसाची, वळते. पण घरी आल्यावर एकदा हळूच सांगायचं की, "कुसा, आज बांगडा खाल्ला, असा असा लागला." मी काय पंचवटीभर दवंडी पिटणार होते? कादरला ठावं, त्या शिरधनकरीणबाईला ठावं, मांजराला ठावं. मला तेवढं नाय. त्याचं वाईट वाटतंय.

सहादू : तुझी भीती नव्हती गं.

कुसाबाई : मंग कशाची होती?

सहादू : तू बायाबायांत सांगायचीस, आमचे हे लय सरळ हायेत. मला आत ऐकू यायचं. म्हटलं, हे कळलं तर परत तसं म्हणायची नाय.

कुसाबाई : सरळ म्हणे! रत्नागिरीहून आलात की शर्टाला वास यायचा. मी म्हणायचे, कादरनं डबा सांडला आसंल. दरवेळी सांडतो, कसला वेंधळा माणूस.

आफिया : बिचारे अब्बा! म्हणून तुम्ही त्यांना नेहमी घट्ट झाकणाचा डबा द्यायचात दिवाळीला?

कुसाबाई : मंग काय करणार? आफिया, गाडीत जागा हाय का?

आफिया : कोणाला?

कुसाबाई : मला.

आफिया : अय्या, चला ना काकू! मागे मी आणि आयतच आहोत. शाहनवाजला पण बरं वाटेल.

सहादू : आन मी?

कुसाबाई : तुम्ही बी चला, पुढं बसा. पाटी नाय म्हणता, घर कोण दाखवणार? पण माळ गळ्यात राहील. आरशाबिरशाला टांगायची नाय. मी बांगडा खाईन, तुम्ही समोर बसून दहीभात खायचा. एवढी वर्षं मला सांगत आलात, तोच.

सहादू : कुसा, हे जरा जास्ती होतंय.

कुसाबाई : मंग भेंडी करायला सांगू का बाईला?

सहादू : दहीभात चालंल.

आफिया : मी शाहनवाजला फोन करते. काचेचं हॉटेल कॅन्सल!

कुसाबाई : कर. पण एक हाय गं. माझी काट्याची सवय गेली आता. लहानपणी कसं पटापट काढायचे. परक्या गावात घशात अडकला म्हंजे?

सहादू : मी देतो काढून. पाठीकडनं बोट घातलं की मधला काटा अख्खा निघतो. नुसता हात लावल्यानं माळेला काय होत नाय.

कुसाबाई : द्याल?

सहादू : देतो ना. तू निवांत खा.

कुसाबाई : द्या मंग. पण नंतर बोटं चाटायची नाय.