तीस सप्टेंबरचा चिवडा

२०१३ साली सणासुदीच्या तोंडावर मी लातूरला अन्नपरवान्याच्या कचेरीत रांगेत होते. माझ्यापुढं क्लासच्या पोरांना फराळ विकणाऱ्या केवळाबाई होत्या.

“साहेब, चिवड्याच्या पुड्यावर कालची तारीख छापली तर चालंल का?”

“बनवला कधी?”

“आज पहाटं.”

“मग आजचीच छापा. खोटी तारीख गुन्हा आहे, मावशी.”

“तीस सप्टेंबर नगं वो. माझी आरती भूकंपात ह्याच तारखेला गेली. पुड्यावर तिचं नाव हाय, त्याखाली ही तारीख कशी छापू?”

“वीस वर्षं झाली त्याला.”

“ती अजून सतराचीच हाय.”

“नियम आहे, मावशी.”

“सुट्टा, फुकट वाटला तर?”

“पुडाच नाही, तर तारीख कशावर छापणार?”

“मग वाटते. पोरं तिच्याच वयाची हायत.”

साहेब पुढं बदलून नांदेडला गेले. केवळाबाई आता नाहीत. ‘आरती फराळ’ सून चालवते. तीस सप्टेंबरला तिच्या दारात क्लासची पोरं ओंजळ पुढं करून उभी राहतात.