देवीची राख आणि रिकामं पोट

नवस मी बोलले होते तो यांच्यासाठी! तुम्हाला सांगते, आमच्या तैवानातल्या लूकांग गावच्या माझूदेवीपुढे हात जोडून म्हटलं, "आई, यांची छाती साफ निघू दे, तुझ्या पालखीबरोबर पायी चालेन." कारण हे दिवसभर गॅलरीत उभे राहून धूर सोडणार... वर तपासणीला एकटं जायला घाबरणार, म्हणून सोबत मीही त्या स्कॅनच्या यंत्रात जाऊन पडले. निकाल काय? यांची छाती लख्ख! सिगारेटी ओढणार हे, आणि गाठ मला!

डॉक्टर च्वांग म्हणाले, "मावशी, बारीक नळी आत सोडू. पडद्यावर तुमच्या फुफ्फुसाचा नकाशा दिसतो, त्यावर बघत बघत गाठीपर्यंत जायचं आणि चिमूटभर तुकडा काढायचा. मगच कळेल, साधी की वाईट."

हे लगेच, "म्हणजे आपल्या स्कूटरवर मोबाइल रस्ता दाखवतो तसं!" अहो, त्याच मोबाइलनं माझ्या भाचीच्या लग्नाला निघालेल्या आपल्याला समुद्रकाठी कालवं काढतात त्या चिखलात नेऊन सोडलं होतं!

देवळात गेले, लाकडी चंद्रकोरी टाकून देवीला विचारलं, नळी घालू का? दोन्ही उताण्या! म्हणजे देवी हसतेय. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. हसेल नाही तर काय... सिगारेटी ओढणार हे, आणि गाठ मला! शेवटी एक उताणी, एक पालथी पडली, एकदाची 'हो' म्हणाली.

तपासणीच्या दिवशी, ज्यांनी जन्मात चहा केला नाही ते हे पहाटे उठले, देवळातली उदबत्तीची राख पाण्यात कालवली आणि पेला पुढे केला. इतक्या प्रेमानं... नाही कसं म्हणणार?

परिचारिका विचारते, "मावशी, उपाशी आहात ना?"

"अगदी! फक्त देवीची राख घेतली, पाण्यातून."

"पेलाभर?"

"अगं, तो प्रसाद!"

"राख देवीची, पण पाणी नळाचं! नळी घालताना उलटून छातीत गेलं म्हणजे? पुढच्या आठवड्यात या."

आठवडाभर डोळ्याला डोळा नाही हो. शेवटी नळी गेली, तुकडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "गाठ वाईट आहे, मावशी. पण लहान आहे, लवकर सापडली. काढून टाकू. मला चांगली आशा आहे."

आणि हे... भर दवाखान्यात हुंदके! खिशातलं सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं, तडक देवळात गेले, "हिला बरं कर, मी सोडली!" आणि कौल? पहिल्या फटक्यात 'हो'! मला तासभर हसली, यांचं लगेच ऐकलं!

आता मंगळवारी शस्त्रक्रिया. त्यानंतर पालखी आहेच. यांची छाती साफ निघाली ना, देवीनं तिचा शब्द पाळला; टाके घेऊन का होईना, चालायचं मलाच!

तुम्हीही बोला हो नवस, घरच्यांसाठी खुशाल बोला. पण त्यांना तपासणीला न्याल तेव्हा, बायांनो, नुसती सोबत म्हणून का होईना, तुम्हीही त्या यंत्रात जाऊन पडा.