हजार पावलांचं पान

ओल्या फरशीवरून रोज येरझाऱ्या घालणारी ती बाई आज दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी एक प्रकाशक. पुसता पुसता सफाईवाल्या मावशींचे कान तिकडेच.

"काकू, नव्वदाव्या पानापर्यंत पोचलेले काका एकटेच. बाकीच्यांनी दहाव्यालाच हात टेकले."

"फोनवरचं पुस्तक, आणि हजार पावलं चालल्याशिवाय पान उलटत नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं रे हे?"

"माझ्याच. आमचं प्रकाशन म्हणजे एक खोली आणि तीन वेडे."

"हे तर तीन महिने पलंगावर आहेत."

"मग चाललं कोण?"

"मी. फोन कमरेला खोचायचा, इथेच फेऱ्या मारायच्या, पान आलं की ह्यांना नेऊन द्यायचं."

"तुम्ही वाचलंत?"

"छे. हे रात्री सांगायचे तेवढंच."

प्रकाशकाने पिशवीतून पाकीट काढलं.

"शेवटचं पान कागदावर छापलंय. ते हातात द्यायचं असतं. आत जाऊ या?"

"थांब जरा. ते म्हणालेत, हे पान घ्यायला मी येतो."

आत काठी टेकल्याचा आवाज झाला. मावशींनी बादली कडेला सारली आणि दारापासून बाकापर्यंतची फरशी कोरड्या फडक्याने पुसायला घेतली.