सारजाच्या हनवटीवरचा ठिपका

मागं सरू नकोस, गोजाबाई. बस. नदीवरच्या पालातनं तुला उठवून आनली ती काय पान-सुपारी खायाला न्हाई. सुया काड, काजळीची डबी काड. — अशी काय बगतीस? झोपली न्हाई ती. गेलीया. पहाटं गेली. भाईर बाया आंगुळीचं पानी तापवत्यात, तवर तुझं काम उरकायचं. मी चादर जरा खाली वढतो, तू फकस्त हनवटीकडं बग. बाकी बगायचं काय कारन न्हाई.

वळखली का? न्हाई ना? बग. तूच गोंदलेली पोर, आन तुलाच वळखंना. आमची सारजा ही. पुनावळ्यात ह्याच घराच्या भाईरल्या ओसरीवर गवरानं — माझ्या कारभारनीनं — तिला मांडीत गच्च धरली हुती नि तू हनवटीच्या मधोमध ठिपका टोचलास. पोर अशी वरडली की गोठ्यात म्हस दावं तोडाया लागली. तू गानं म्हनत हुतीस, गवरा हसत हुती. मी उठून बांधावर जाऊन बसलो तर तू मागनं म्हनलीस, बाप्ये समदे असलेच. आठवतंय न्हवं? त्याच साली गवरा पटकीनं गेली. दोघी मायलेकींची हनवटी एकच — म्हंजी नसल्यावानीच. वठाखालनं थेट गळाच सुरू. गवराला बी तिथंच ठिपका हुता, तुझ्या सासूच्या हातचा. जाताना मला म्हनली, अंगावरचं सोनं हितंच काडून घेत्याल, गोंदन तेवडं बरुबर येतं, वर आली की वळखीन माझ्या पोरीला.

मग ह्यो अर्जुनराव. भाईर खांबाला टेकून बसलाय न्हवं, त्योच आमचा जावई. पिंपरीला नवा कारखाना झालाय तितं टेबलावर बसून लिवतो. विजार, बूट, केसाला तेल. त्येंच्या चाळीतल्या बाया म्हनायच्या, हिला देवानं घाईत केली, खालचं ऱ्हाऊन गेलं. एकदा समद्यांनी मिळून फोटू काडला तर हिला मागल्या रांगेत हुबी केली. मग कुनीतरी सांगितलं, मुंबईत एक डागदर हाय, लढाईत जबडं उडालेल्या शिपायांची तोंडं नीट करायचा, आता बायामानसांची बी करतो. झालं. फाळ लव्हाराकडं न्यावा तशी पोर नेली. बरगडीचं हाड काडलं, घासलं, नि हनवटीत बसवलं. बरगडीचं, गोजाबाई. काळजाफुडच्या दाराची फळी काडली नि उंबऱ्याला ठोकली. असलं कुठं टिकतं व्हय? आन ठिपका — त्यो बी कापून टाकला. ह्या जावयानंच सांगितलं असंल, गावंढळ दिसतं म्हनून. ह्यानंच. त्येला उंबऱ्याच्या आत घेतला न्हाई मी सकाळधरनं. बस म्हनलं तितंच, खांबापाशी.

अशी का माझ्याकडं बगतीस? नको बगू.

बरं, तिच्याफुडं खोटं कशापायी बोलू. त्यानं न्हाई सांगितलं. त्यो तर भेला हुता, म्हनत हुता ऱ्हाऊ दे, मला हाय तशी बरी हाय. हिलाच तिची हनवटी नगं झाली हुती. हिनंच हट्ट धरला, ठिपका बी हिनंच काडाया लावला. समदा जलम पदर दातात धरून काडला पोरीनं, जेवायची ती बी भितीकडं तोंड करून. टाकं काडल्यावर हितं आली तर वेशीतनं उघड्या तोंडानं आली. हितं बसली, तू बसलीस तितंच, आन म्हनली, “आबा, बगा की. आता मी कुनासारखी दिसती?”

कुनासारखी. कुनासारखीच दिसत न्हवती. पन हसत हुती — तोंडावर हात न धरता. माझ्या पोरीला दात कसं हायेत हे मला तवा कळलं. मी काय म्हनलं? बरी हाय म्हनलं, आन म्हशीला वैरन टाकाया गेलो. म्हशीफुडं वैरन पडलेलीच हुती.

फुडं ते हाड धरलं न्हाई. आतनं पू झाला. सुया टोचल्या, कसलं कसलं पानी पाजलं, ताप काय हटंना. मग मला घरी न्या म्हनली. तापात दुसरं काय बोलायचीच न्हाई, हनवटी चाचपायची नि एकच इचारायची — “आबा, आई वळखंल न्हवं मला?” काय सांगू तिला? बारीक पोर टाकून गेलीया गवरा. आता ही एवडी बाई फुडं हुबी ऱ्हानार, हनवटी दुसऱ्याचीच, ठिपका न्हाई. वळखनार कशावरनं? मी म्हनलं, गोजाबाईला आनतो. तर थांबली न्हाई. तवा टोच. हळू टोच. आता काय वरडायची न्हाई ती.

डबी का मिटलीस? गेलेल्या कातड्यात रंग धरत न्हाई म्हनतीस — मला काय म्हाईत, मी काय गोंदनारी हाय? वरवर लाव. पान्यानं जाईल? आंगूळ झाल्यावर लाव मग. सरनापातुर टिकलं तरी बास. तेवडं बी न्हाई?

मग हितं घाल. माझ्या हनवटीवर. हास, खुशाल हास. बाप्याच्या हनवटीवर ठिपका, गाव हसंल, हसू दे, मला काय आता कुठं सोयरीक करायचीया. थांब, दाढीचं खुंट खरवडतो. मी बी लवकरच जायाचा हाय. गवराला सांगन, ही बग, हीच तुझी सारजा. हिचा ठिपका हरवला, त्यो मी माझ्यापाशी जपून ठिवलाय. एवडं तरी मला जमंल. हं, धर. मधोमध. तू रडायचं काय कारन? तू कोन तिची?

ऱ्हाऊ दे. जेनं रडायचं त्येला मी भाईर बसवलाय. ऊठ. उचल तुझ्या सुया. जा म्हनतो ना. — आन जाताना त्या खांबापाशी बसलेल्याला म्हनावं, आत ये.