आठ दिवसांच्या सूचना

निवासगृहाच्या ऑफिसबाहेर बाकावर माझ्या शेजारी म्हातारे आईबाबा बसले होते आणि मध्ये त्यांचा चाळिशीचा विशेष मुलगा. आपल्यामागे त्याला इथे करमेल का, म्हणून सोमवारपासून आठ दिवस तो एकटा राहून बघणार होता. आई सांगत होती, बाबा वहीत सूचना लिहीत होते.

"लिहा. चहा फुंकर मारमारून गार करतो. घाई करायची नाही."

"आई, तो बाबांचा चहा असतो. बाबांची जीभ भाजते."

"गप रे. लिहा, बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो. ओरडायचं नाही."

"बाबा लावायलाच विसरतात."

"मी? मी कधी विसरलो रे?"

"काल. परवा. बुधवारी गॅस पण."

"गॅस? अहो, मला बोलला नाहीत ते!"

"बाबा म्हणाले, आईला सांगू नको."

"मग आत्ता काय केलंस, गाढवा?"

"बाबांनी विचारलं, कधी."

"हसता काय हो? लिहा पुढचं!"

"काय लिहू? सगळं माझंच निघतंय."

"आई, मी आठ दिवस इथे. मग गॅस कोण बघणार?"

"अहो, ते पान राहू द्या. नवीन घ्या. हं, सांग राजा, सावकाश सांग."

"लिहा बाबा. चहा गार करायचा. कुलूप तीनदा ओढायचं. आईने बाबांवर ओरडायचं नाही."